'मतदार' नको, तर मग कोणता शब्द?

शमीची_पानं: टेक्सासमधल्या मराठी मंडळींसाठी निवडणुकीचं माहितीपत्रक मराठीत करतेय. २५४ काउंट्यांचा तक्ता आहे, त्यात एक रकाना 'सिटिझन व्होटिंग एज पॉप्युलेशन'चा. मी 'मतदार' लिहिलं, मैत्रिणीने खोडलं. तिचं बरोबर आहे. मतदार म्हणजे यादीत नाव असलेला. इथे नोंदणी नसलेलेही मोजलेत. वय १८ पूर्ण आणि नागरिकत्व, एवढंच बघतात. सुटसुटीत शब्द सुचवा.

कोकणकडा: 'प्रौढ नागरिक'. 'प्रौढ मताधिकार' रुळलेलाच आहे.

अडकित्ता: प्रौढ म्हटलं की मला चाळिशीतला माणूस दिसतो. कायद्यातला शब्द 'सज्ञान', तो घ्या.

दूरदेशी: सज्ञान इथे फसतो. नेब्रास्कात सज्ञान व्हायला १९ लागतात, मत मात्र १८ व्या वर्षी देता येतं. शिवाय 'नागरिक' गाळू नका. आमच्याच घरात पाच जण अठराच्या वरचे. आईबाबा ग्रीनकार्डवर, म्हणून या रकान्यात तिघेच.

कोकणकडा: ते राहू द्या, 'काउंट्या' काय? सरळ जिल्हे म्हणा!

अडकित्ता: लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसं होती. आमच्या वाडीत त्याहून जास्त आहेत. जिल्हा कसा म्हणू?

कोकणकडा: आणि ह्यूस्टनच्या हॅरिसमध्ये ४७ लाख. त्याला काय म्हणाल?

जुनी_बखर: परगणा! देशमुखी परगण्याचीच असायची. आजोबांच्या दप्तरात सगळीकडे 'परगणे अमुक' असंच सापडतं. आपला शब्द आहे, वापरा.

दूरदेशी: परगणा फारसीतून आला, जिल्हा अरबीतून. ते दोन्ही आपले झाले, तर काउंटीनेच काय घोडं मारलंय? लुईझियानात तर काउंटीही नाही, पॅरिश म्हणतात. पत्त्यावर, मतपत्रिकेवर जे छापलेलं असतं तेच वाचणाऱ्याला ओळखू येतं.

जुनी_बखर: असं म्हणत गेलो तर भाषेत उरेल काय? नवे शब्द घडवायचेच नाहीत का?

शमीची_पानं: काउंटी मी ठेवणार आहे. रकान्यासाठी सध्या 'मतदानाच्या वयाचे नागरिक' लिहिलंय, पण चार अक्षरांच्या जागेत ते मावत नाही. कुणी काही सुचवेल का?

अडकित्ता: बखरराव, बंगालात उत्तर चोवीस परगणा हा अख्खा एक जिल्हा आहे. म्हणजे परगणा जिल्ह्याहून लहानच ना?

जुनी_बखर: लहानच. दप्तर काढून बघतो, आमच्या परगण्यात किती गावं होती ते.