मदत हवी आहे: जर्मनीत पोळ्यांसाठी कोणतं पीठ घेता?
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरपासून आखेनमध्ये मास्टर्स करतोय. दुपारी कॉलेजच्या मेन्झात, म्हणजे कॅन्टीनमध्ये, बटाटा नाहीतर पास्ता, रात्री ब्रेड. ब्रेड इथला उत्तमच, पण रोज किती खाणार? म्हणून पोळ्या लाटायला घेतल्या.

४०५ नंबरचं पीठ म्हणजे आपला मैदाच, पोळी रबरासारखी ताणते. फोलकोर्न, म्हणजे कोंड्यासकट गव्हाचं, आणलं तर कडेने फाटते. मधलं १०५० कोणी वापरलंय का? मिसळायचं असेल तर प्रमाण काय? इंडियन स्टोअरचा आटा दरवेळी परवडत नाही. शेगडी काचेची, विजेवरची, त्यामुळे फुलक्यांचा विषयच नाही.

आणि फोडणी दिली की धुराचा अलार्म बोंबलतो (शेजारीण आता नुसती हसते), त्यावर काही उपाय? रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारच्या आत सांगा!