बोल्ड कंडेन्स्ड इटॅलिक म्हणजे नुसता आरडाओरडा?

खिळेजुळारी: ‘पांढरा कागद’ यांनी काल लिहिलं, “जाड, चिंचोळा आणि वर तिरका सॅन्स (टोकांना शेपट्या नसलेला टाइप) म्हणजे डिझायनरला काही सुचलं नाही याची कबुली.” डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा. अहो, लांबलचक नाव अरुंद पट्टीत बसवायचं तर साधा टाइप लहान करावा लागतो. कंडेन्स्डमध्ये, म्हणजे चिंचोळ्या टाइपात, उंची राखता येते, आणि लांबून तीच कामी येते. तिरकेपणाने वेग भासतो, म्हणून तो जर्सीवर आणि रेसच्या गाड्यांवर दिसतो. टाइप-डिझायनर फ्रुटिगरच्या युनिव्हर्स या टाइपात (१९५७) प्रत्येक प्रकाराला आकडा आहे; ६७ म्हणजे बोल्ड कंडेन्स्ड आणि ६८ म्हणजे त्याचाच तिरका. त्यालाही काही सुचत नव्हतं वाटतं?

पांढरा कागद: ६८ काढला म्हणजे जिथे तिथे थापा, असं फ्रुटिगर कुठे म्हणाला? सगळं कॅपिटल, सगळं जाड, सगळं तिरकं. मग जोर नक्की कशावर? फोटोंवर ठळक घोषवाक्यं टाकणाऱ्या कलाकार बार्बरा क्रूगरला जमलं, कारण शब्द मोजके होते.

तिरपागडा: क्रूगरची ओळखीची फ्युचुरा बोल्ड ऑब्लिक (जाड आणि तिरकी) आहे, कंडेन्स्ड नाही. उगाच घुसडू नका.
अवांतर: इटॅलिक म्हणून खपवलं जाणारं बरंचसं सॉफ्टवेअरने वाकवलेलं असतं. त्यात O बघा. वर उजवीकडे आणि खाली डावीकडे फुगतो, उरलेल्या दोन कोपऱ्यांत रोडावतो. V चा उजवा पाय बारीक, डावा जाड. टाइप जितका जाड तितकं हे जास्त खुपतं. नीट काढलेल्या ऑब्लिकमध्ये प्रत्येक वळण हाताने सुधारतात.

पांढरा कागद: याचा माझ्या मुद्द्याशी संबंध?

तिरपागडा: आहे ना! तुम्हाला राग येतो तो या वाकवलेल्या मालाचा, आणि शिव्या खातो टाइप. एका स्पर्धेच्या बिल्ल्यांसाठी मी व्यवस्थित ऑब्लिक दिला होता. आयोजकांनी परस्पर उभा फॉन्ट घेतला, तिरका केला, वर बाहेरून जाड रेघ मारली. ३, ६, ८ यांच्या पोकळ्या बुजल्या, निकाल लिहिणारा वैतागला आणि बोलणी मला!

नवशिकी: देवनागरी वाकवली तर? शिरोरेषा आडवीच राहते, काने तेवढे कलतात. त्यात जाड आणि चिंचोळा केला की ‘क्ष’ची नुसती गाठ होते.

तिरपागडा: +१. यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

खिळेजुळारी: इथेच काय कमी चाललंय? मूळ प्रश्न टाइपच्या वापराचा होता.

पांढरा कागद: वापराचंच बोलतोय मी. एका माहितीपत्रकात औषधाच्या सूचना याच टाइपात वाचल्यात, तेही बारीक आकारात. आईला भिंग लागलं. तुम्ही वेग आणि जोश बघत बसा.

खिळेजुळारी: सूचनांना हा टाइप लावणाऱ्याची वकिली मी केलीच नाही. मजकुराला नको, हे शेंबडं पोरही सांगेल.

पांढरा कागद: वा, एवढं तरी वदवून घेतलं! बरं, जर्सीची पाठ, गाडीची बाजू आणि तीन शब्दांचा मथळा तुम्हाला आंदण. चौथ्या शब्दाला मी हजर आहे.

तिरपागडा: आणि मथळा वाकवलेला असला तर?

पांढरा कागद: तर पहिल्याच शब्दाला.