विषय: रोबोट मॉवरची तार – पुरण्याआधी विचारतेय

नमस्कार मंडळी,

लॉनसाठी रोबोट मॉवर (आपोआप फिरून गवत कापणारं यंत्र) घेतलाय. सीमेची तार, म्हणजे जिच्यातल्या सिग्नलवरून त्याला लॉनची हद्द कळते ती, या शनिवार-रविवारी टाकायचा विचार आहे. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला लॉनच्या पातळीत फरशीची वाट आणि मधोमध फुलांचा वाफा. तार सगळीकडे कडेपासून सारख्याच अंतरावर घ्यायची का? वाफ्याचं काय करायचं? आणि लगेच पुरून टाकली तर चालेल ना?

– अनघा

---

अनघा,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: लगेच पुरू नकोस. खुंट्या ठोकून तार जमिनीलगत बसव आणि काही आठवडे मॉवर चालू दे. तो कुठे अडकतो, कुठली पट्टी सोडतो, हे तेव्हाच कळतं आणि तोवर तार सरकवणं सोपं असतं. पुढे गवत वाढलं की ती आपोआप झाकली जाते, पुष्कळदा पुरावीच लागत नाही. मात्र आधी साध्या मॉवरने गवत बारीक कापून घे आणि तार ताणून बसव. जरा जरी उचललेली राहिली तर पात्याखाली येईल.

अंतर सगळीकडे सारखं नको. मॉवरचं तोंड तारेच्या थोडं पलीकडे जातं, मगच तो वळतो. म्हणून भिंतीपासून साधारण ३० ते ३५ सेंटिमीटर आत राहा. वाटेच्या बाजूला १० सेंटिमीटर पुरेत, चाक फरशीवर चढतं आणि कडेचं गवतही कापलं जातं. नेमका आकडा तुझ्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघ. कोपऱ्यांना गोलाई दे.

वाफ्याभोवती बेट करायचं. कडेच्या तारेपासून वाफ्यापर्यंत जायचं, वेढा घालायचा आणि त्याच मार्गाने परत यायचं. जाणारी आणि येणारी तार एकमेकींना चिकटून, एकाच खुंटीखाली हवी. दोन्हींतला प्रवाह उलट दिशांना वाहतो, त्यामुळे त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना रद्द करतात आणि मॉवर तिथून बिनदिक्कत पार होतो. त्यांच्यात अंतर राहिलं तर त्याला ती सीमाच वाटते. तारा एकमेकींवरून मात्र कुठेही जाऊ देऊ नकोस. तसं झालं की वेढ्याची दिशा उलटते आणि मॉवर वाफ्यालाच लॉन समजतो.

– श्रीकांत

---

श्रीकांतकाका, खूप खूप आभार. बेटाचं कोडं आत्ता उलगडलं. आणखी एक विचारते: तार कमी पडली तर दोन टोकं पिळून वर चिकटपट्टी लावू का? आणि उरली तर मॉवरच्या चार्जिंग स्टेशनमागे गुंडाळून ठेवू?

– अनघा

---

दोन्ही नको. चिकटपट्टीत ओल शिरते, तांबं गंजतं आणि सिग्नल कधी येतो, कधी जातो. असा अर्धवट बिघाड शोधणं तुटलेली तार शोधण्यापेक्षाही अवघड. जेल भरलेले कनेक्टर मिळतात, तेच वापर. टोकं न सोलता पार आतपर्यंत सरकवायची आणि पकडीने वरचं बटण पूर्ण खाली बसेपर्यंत दाबायचं. जेल कडेने किंचित बाहेर आलं की जोड पक्का. उरलेली तार कापून टाक, वेटोळ्यामुळे सिग्नल बिघडू शकतो.

– श्रीकांत

---

अनघाताई, माझी एक भर. गवत तारेवर चढायच्या आत सगळ्या कडांचे फोटो काढून ठेव, मोजपट्टी जमिनीवर ठेवून. प्रत्येक जोड कुठे आहे तेही कागदावर मांड. पुढे कुणी लॉनमध्ये कुदळ घातली किंवा शेवाळ काढायचं यंत्र फिरवलं, तर तार कुठे आहे ते आधी दाखवता येईल.

आणि मनापासून विनंती, वेळापत्रक दिवसाचंच लाव. हेजहॉगसारखे छोटे काटेरी प्राणी रात्री बाहेर पडतात आणि धोका दिसला की पळत नाहीत, अंग आक्रसून जागीच बसतात. मॉवरला ते दरवेळी कळेलच असं नाही. सकाळी उजाडल्यावर सुरू आणि संध्याकाळच्या आत बंद, एवढं केलंस तरी पुष्कळ.

– मेधा