मालवण कोर्टात शिक्षा झाली, अपिलात नेमकं काय तपासतात?

खाडीकाठ: बांधावरच्या मारामारीत चुलतभावाला मालवणच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाने भादंवि (भारतीय दंड संहिता) ३२५, म्हणजे गंभीर दुखापत, या कलमाखाली २ वर्षं सक्तमजुरी ठोठावली. महिनाभराचा जामीन तिथेच मिळालाय. अपील ओरोसला, जिल्ह्याच्या कोर्टात ना? साक्षीदार पुन्हा येणार का? आणि शिक्षा उलट वाढली तर?

काळा कोट: होय, ओरोसला, सत्र न्यायालयात. मुदत ३० दिवस. निकालाची प्रत आरोपीला फुकट मिळते, ती लगेच घ्या. अपिलासोबतच शिक्षेला स्थगिती आणि जामिनाचा अर्ज द्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३८९, आता नव्या संहितेचं म्हणजे बीएनएसएसचं ४३०). हातातला जामीन फक्त अपील दाखल करण्यापुरता आहे. माणसं इथेच फसतात: अपील दाखल झालं म्हणून निर्धास्त राहतात, स्थगितीचा हुकूम घेत नाहीत, आणि वॉरंट निघतं.

साक्षीदार सहसा पुन्हा येत नाहीत. सत्र न्यायाधीश खालचं रेकॉर्ड मागवून जबाब, उलटतपास सगळं वाचतात आणि पुरावा स्वतः नव्याने तोलतात. मी आधी वैद्यकीय पुरावा बघेन. ३२५ ला दुखापत ‘गंभीर’ लागते, बहुतेकदा हाड मोडल्याची. दाखल्यावर फ्रॅक्चर लिहिलंय, पण एक्स-रे प्लेट रेकॉर्डवर नाही आणि ती बघणारा डॉक्टर साक्षीला आलाच नाही, तर गुन्हा ३२३ वर, म्हणजे साध्या दुखापतीवर येऊ शकतो. त्याची कमाल शिक्षा १ वर्ष. हा मुद्दा साक्षीच्या परिच्छेद क्रमांकासह अपिलात लिहा. ‘निकाल कायद्याला धरून नाही’ एवढंच मोघम लिहून काही हाती लागत नाही.

खाडीकाठ: आणि शिक्षा वाढण्याचं?

बांदेकर वकील: भाऊ, तुमच्याच अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. त्यासाठी सरकारला वेगळं अपील करावं लागतं, आणि आरोपीचं म्हणणं ऐकावंच लागतं. शिक्षा अपुरी वाटली म्हणून फिर्यादीला अपील नाही.

पहिलाच गुन्हा असेल तर प्रोबेशन (तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सुटका) मागा. ते नाकारताना मॅजिस्ट्रेटने खास कारणं नोंदवायची असतात. निकालात ती नसतील तर मुद्दा भक्कम आहे. तडजोड अजूनही होते, पण जखमीने स्वतः करायची आणि अपील कोर्टाची परवानगी घ्यायची. गावकीच्या बैठकीतला कागद पुरत नाही.

काळा कोट: चुलतभाऊ सरकारी नोकरीत असेल तर दोषसिद्धीलाही (दोषी ठरवण्यालाही) स्थगिती मागा. नुसत्या शिक्षेच्या स्थगितीने नोकरी वाचत नाही. दोषसिद्धीची स्थगिती क्वचितच मिळते, कारणं ठोस हवीत.

ओरोसला फेटाळलं तर पुढे दुसरं अपील नाही, ९० दिवसांत हायकोर्टात रिव्हिजन (निकालाची मर्यादित फेरतपासणी). १८ ऑगस्ट २०२५ पासून सिंधुदुर्ग-रत्नागिरीची रिव्हिजन मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जाते. तिथे पुरावा सहसा पुन्हा तोलत नाहीत.