मदत हवी आहे: बाबांची अँजिओग्राफीची सीडी मिळत नाहीये, दुसरं मत कसं घ्यावं?

बाबा 67 वर्षांचे, 15 वर्षांपासून मधुमेह. मागच्या आठवड्यात पुण्यातल्या एका हृदयरोग रुग्णालयात अँजिओग्राफी झाली. तिन्ही रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज, हृदयाचं पंपिंग 45 टक्के, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) 1.6. एक डॉक्टर बायपास म्हणतात, त्याच रुग्णालयातले दुसरे म्हणतात स्टेंटवर भागेल. दोघे एकत्र बसून आमच्याशी बोलतच नाहीत. बाबा आता घरी आहेत, गोळ्या चालू, चालताना थोडी धाप लागते, छातीत दुखत नाही.

मधुमेह असताना तिन्ही वाहिन्या बंद असतील तर सहसा बायपास सरस, एवढं वाचलंय. पण किडनीचं काय?

डिस्चार्ज कार्ड मिळालंय, सीडी नाही. दोनदा तोंडी मागितली, "उद्या या" एवढंच. कागदपत्रं 72 तासांत द्यावी लागतात असा नियम आहे ना? लेखी अर्ज अजून केलेला नाही. उपचार तिथेच घ्यावे लागले तर, या भीतीने (भित्रेपणाच म्हणा). पिवळं रेशनकार्ड आहे, त्यामुळे महात्मा फुले जन आरोग्य योजनेतलंच (सरकारी मोफत उपचार योजना) रुग्णालय हवं. पुणे किंवा सातारा.

अर्ज कोणाच्या नावे करायचा? आणि सर्जन व कार्डिऑलॉजिस्ट दोघे मिळून सीडी बघून मत देतील, अशी सोय या योजनेत कुणाला मिळाली आहे का?