वडील 72, आई 66, कार्ड एपीएल. कर्नाटकात कुठली आरोग्य योजना लागू होईल?

पुण्यातला खानापुरी

नमस्कार मंडळी. आमचं गाव खानापूर तालुक्यात, नंदगडच्या पुढं. मी पुण्यात नोकरीला, गावाकडं थोरला भाऊ शेती बघतो. बाबांचे दोन्ही गुडघे गेलेत. बेळगावातल्या एका खासगी डॉक्टरांनी उजव्याचं ऑपरेशन लवकर करा म्हणून सांगितलं. खर्चाचा आकडा ऐकल्यापासून बाबांचं एकच, "मला काय आता शर्यतीत पळायचंय?"

गावात जो तो वेगळं सांगतोय. कोण म्हणतं मोदींचं सत्तरीवाल्यांचं कार्ड काढा, कोण म्हणतं सोसायटीचं यशस्विनी करा, महाराष्ट्र एकीकरण समितीतला एक ओळखीचा म्हणतो महाराष्ट्राचं महात्मा फुले आपल्याला लागू झालंय, थेट कोल्हापूर गाठा. रेशन कार्ड एकच आहे, आई-बाबा, भाऊ-वहिनी, त्यांची मुलं आणि मी. दोन वर्षांखाली बीपीएल होतं, आता एपीएल करून टाकलंय. नेमकं कुठून सुरुवात करायची?

सोसायटीचा जुना सेक्रेटरी

मी पीकेपीएसमध्ये, म्हणजे गावच्या शेती पतसोसायटीत, सेक्रेटरी म्हणून रिटायर झालो. यशस्विनीचे फॉर्म भरून भरून बोटं झिजलीत, त्यामुळं जरा लांबडं लागेल, वाचून घ्या.

कुठली योजना हे नंतर बघू. पहिलं ते रेशन कार्ड काढा आणि त्यावर तुमचं नाव कशाला आहे ते मला सांगा. तुम्ही पुण्यात राहता, पगार घेता, बहुतेक इन्कम टॅक्सही भरत असणार. कर्नाटकात बीपीएलला घराचं वार्षिक उत्पन्न 1 लाख 20 हजारांच्या आत लागतं, आणि टॅक्स भरणारा कार्डावर असला की कार्ड गेलंच. 2024 च्या नोव्हेंबरात अशी कार्डं चाळून काढली तेव्हा केवढी ओरड झाली, आठवत असेल. तुमचं कार्ड त्याच चाळणीत गेलं असावं असं मला दिसतंय. तुम्ही खरोखर वेगळे राहता, तर नाव कमी करून घ्या. भावाची जमीन साडेसात एकराच्या आत, चारचाकी नाही, असं असलं तर बीपीएलसाठी परत अर्ज घालायला जागा आहे. वेळ लागेल, पण घालून ठेवायचा.

एवढा जोर कशासाठी, तर आपली मुख्य योजना आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक. दोन्ही सरकारांच्या योजना 2018 मध्ये एक केल्या, कारभार सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्टकडं. बीपीएल घराला वर्षाला 5 लाखांपर्यंत मोफत उपचार. एपीएलला सरकार पॅकेजच्या, म्हणजे त्या उपचाराच्या ठरलेल्या, दराच्या फक्त 30 टक्के देतं, तेही घराला वर्षाला दीड लाखापर्यंत. समजा पॅकेज 80 हजारांचं, तर सरकारचे 24 हजार आणि तुमच्या खिशातले 56 हजार. कार्डाचा रंग बदलला की एवढा फरक पडतो.

आता रेफरल. याच्यावर निम्मे लोक आपटतात. गुडघ्याचं ऑपरेशन म्हणजे तातडीचं नव्हे, ठरवून करायचं. तशाला सरकारी दवाखान्याची चिठ्ठी आधी लागते, मग खासगी हॉस्पिटल. खासगी डॉक्टरांची चिठ्ठी इथं चालत नाही, ते कितीही मोठे असोत. अपघात, हार्ट अटॅक असलं काही असेल तर योजनेच्या यादीतल्या हॉस्पिटलात थेट जाता येतं. म्हणून बाबांना खानापूरच्या तालुका दवाखान्यात नाहीतर बेळगावच्या सिव्हिलला, म्हणजे बीम्सला दाखवा. तिथं ऑपरेशन होत असेल तर बाहेरची चिठ्ठी देणार नाहीत, इथंच करा म्हणतील. माझं मत विचाराल तर करून घ्यावं. सिव्हिल म्हटलं की नाक मुरडायची आपल्याकडं सवयच आहे.

सत्तरीचं कार्ड म्हणजे आयुष्मान वय वंदना. 29 ऑक्टोबर 2024 ला सुरू झालं. उत्पन्नाची अट नाही, आधारवर 70 पूर्ण दिसले की झालं. बाबा बसतात, आई बसत नाही. पण ही केंद्राची घोषणा, आणि इलाज करायचा राज्याच्या यंत्रणेनं. तेव्हा मोबाईलवर कार्ड उतरलं म्हणून गाडी काढू नका. ज्या हॉस्पिटलात करायचंय तिथल्या आरोग्य मित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठा आणि 'या कार्डावर गुडघ्याचं इथं होतं का' हे दाखल व्हायच्या आधी वदवून घ्या. आयुष्मानच्या 14555 वर फोन करूनही विचारता येतं.

यशस्विनी सोसायटीच्या सभासदांसाठी. मधे बंद होती, 2023 च्या जानेवारीपासून परत चालू झाली. खेड्यात चार माणसांच्या घराला वर्षाला 500 रुपये, पुढं माणशी 100, छत्र 5 लाखांचं. नोंदणी ठराविक महिन्यांतच उघडते. भाऊ सभासद असेल तर उघडल्या उघडल्या भरा, पण या ऑपरेशनचा हिशेब तिच्यावर बांधू नका. तहान लागल्यावर विहीर खणल्यासारखं होईल ते.

निपाणीकर ताई

काकांनी महात्मा फुलेचं सोडलं म्हणून लिहिते. 2024 च्या सुरुवातीला महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या 865 गावांना ती योजना लागू केली, खानापूरचा भागही त्यात येतो. इकडच्या सरकारनं त्यावर आकांडतांडव केलं, ते पेपरात आलंच होतं. दाखला मिळवायचा, कागद जमवायचे, मग योजनेतल्या हॉस्पिटलात मंजुरी. आम्हाला निपाणीहून कोल्हापूर जवळ, सासऱ्यांना सगळं दाखवणं तिकडंच असतं. तुमचं तसं नाही. नंदगडच्या पुढून दुखऱ्या गुडघ्याचा माणूस कोल्हापूरला न्यायचा, आणि नंतरच्या तपासणीला परत परत न्यायचा. भाऊ शेती सोडून किती वेळा जाणार? महाराष्ट्राबद्दल प्रेम मलाही आहे हो, पण ऑपरेशननंतरची फिजिओथेरपी प्रेमावर होत नाही. कोल्हापूरला जायचंच ठरलं तर आधी फोनवर विचारा, गुडघ्याचं त्यांच्या यादीत आहे का आणि कर्नाटकातला पत्ता असलेलं आधार घेतात का.

आणखी एक, एका खासगी हॉस्पिटलात (नाव नको) आम्हाला 'योजनेतूनच होतंय, पण वरचे थोडे भरा' म्हणाले. बीपीएलला असं वरचं काही नसतं. आरोग्य मित्रासमोर विषय काढल्यावर ते वरचे पैसे गायब झाले.

मराठा बटालियन

वडील फौजेत होते का? बेळगाव म्हणजे मराठा लाईट इन्फंट्रीचं माहेर, घरटी एक पेन्शनर, म्हणून विचारलं. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, असेल तर आईपण त्यात येते, वयाचं काही नाही. ईसीएचएसवाल्याला वय वंदना घेता येतं, पण दोन्हीतलं एकच निवडायचं. माझ्या मते ईसीएचएस सोडू नये, त्यात ओपीडी आणि रोजची औषधंही मिळतात. आयुष्मानमध्ये दाखल व्हावं लागतं.

पुण्यातला खानापुरी

बाबा फौजेत नव्हते, गुऱ्हाळावर होते. टॅक्सचं काकांनी बरोबर ओळखलं, दरवर्षी भरतो. पुढच्या आठवड्यात येतोय तेव्हा नाव कमी करायचा अर्ज देतो. एक शंका राहिली. आईला शुगर आहे, दर महिन्याच्या गोळ्या यातल्या कशातून मिळतील का?

सोसायटीचा जुना सेक्रेटरी

नाही. ईसीएचएस सोडली तर या सगळ्या योजना दाखल झाल्यावरच्या. दाखल होण्याआधीचे 3 दिवस आणि घरी सोडल्यावरचे 15 दिवस, एवढंच पॅकेजमध्ये धरतात. शुगर-बीपीच्या गोळ्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) फुकट मिळतात, तिथं आईचं नाव नोंदवा. एखादी गोळी तिथं नसली तर जनऔषधी दुकानात बघा, खूप स्वस्त पडते. आणि बाबांना सिव्हिलला न्याल तेव्हा खासगी डॉक्टरांची फाईल, एक्स-रे, दोघांची आधार कार्डं आणि रेशन कार्ड, सगळं मूळ आणि झेरॉक्स दोन्ही घ्या. ओपीडीची चिठ्ठी सकाळी लवकर काढायची, हाडांच्या डॉक्टरांचा दिवस कुठला ते आदल्या दिवशी विचारून घ्या.