‘उजेडातलं अंधारश्वसन’ : याला मराठीत काय म्हणावं?

ओलीभिंत : शैवालांवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. ‘डार्क रेस्पिरेशन’ला, म्हणजे अंधारात मोजतात त्या नेहमीच्या श्वसनाला, बिनधास्त ‘अंधारश्वसन’ लिहिलं आणि पुढच्याच परिच्छेदात ‘उजेडातलं डार्क रेस्पिरेशन’ उपटलं! ‘उजेडातलं अंधारश्वसन’ वाचून लोक मला वेड्यात काढतील. ‘प्रकाशश्वसन’ लिहावं, तर तो शब्द भलत्याच प्रक्रियेला दिलेला.

खडूफळा : ‘श्वासोच्छ्वास’ तेवढा नको, शेवाळाला कुठली फुप्फुसं! शाळेच्या पुस्तकात ‘पेशीस्तरावरील श्वसन’ असतं. लांबलचक आहे, पण चुकत नाही.

भिंगवाला : घोळ मूळ नावातच आहे. यातला ‘अंधार’ पेशीचा नाही, मोजणाऱ्याच्या सोयीचा. उजेडात क्लोरेला हे एकपेशीय हिरवं शैवाल एकीकडे ऑक्सिजन सोडतं, दुसरीकडे घेतं. बाहेरून दिसते ती फक्त वजाबाकी. म्हणून दिवा मालवून श्वसन मोजायचं आणि उजेडातही तेवढंच चालतं असं धरून चालायचं.

1948 मध्ये बेसेल कॉक या डच शास्त्रज्ञाने क्लोरेलावर मंद प्रकाश थोडाथोडा वाढवत मोजणी केली. आलेखावर ऑक्सिजनची रेघ एकाच चढाने वर जायला हवी होती. पण जिथे सोडलेला आणि घेतलेला ऑक्सिजन सारखा होतो, त्या बिंदूच्या आसपास ती मोडली. पुढचा चढ जवळजवळ निम्माच. त्याने अर्थ लावला तो असा, की उजेड पडू लागताच श्वसन मंदावतं, म्हणून सुरुवातीचा चढ फुगलेला दिसतो. याला ‘कॉक परिणाम’ म्हणतात. त्याच्या कारणांवरचा वाद मात्र मिटलेला नाही.

पुढे जड ऑक्सिजन (अणुवस्तुमानांक 18) हाताशी आला. तो हवेत मिसळायचा. प्रकाशसंश्लेषणात सुटणारा ऑक्सिजन पाण्यातून येतो, म्हणजे साधा, 16चा. मग घेतलेला आणि सोडलेला वेगवेगळा मोजता येतो. तरी घेतलेला सगळाच काही श्वसनात जात नाही. काही हरितलवकातच खर्ची पडतो.

खडूफळा : आणि प्रकाशश्वसन?

भिंगवाला : त्यात रुबिस्को हे विकर कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन उचलतं. ऊर्जा मिळणं राहिलं बाजूला, उलट खर्च होते. ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर, एवढ्या साम्यावर ‘श्वसन’ नाव चिकटलंय. माझं मत : वेळेवरून नको, जागेवरून नाव द्या. श्वसन चालतं पेशीतल्या तंतुकणिकांत (मायटोकॉन्ड्रिया), म्हणून ‘तंतुकणिका-श्वसन’.

ओलीभिंत : छान आहे! पण लेखात नील-हरित शैवालंही आहेत. त्यांना तंतुकणिकाच नसतात.

भिंगवाला : मेलो.

खडूफळा : म्हणून म्हटलं, लांबलचक बरं.

ओलीभिंत : ठरलं. क्लोरेलापुरतं ‘तंतुकणिका-श्वसन’, बाकी सगळीकडे नुसतं ‘श्वसन’, आणि मोजणी कशात केली ते वाक्यात : ‘अंधारात मोजलेलं’, ‘उजेडात चालू असलेलं’. ‘अंधारश्वसन’ खोडलं.